खालची वाटी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मसाईच्या पठारावर
आम्ही मुली पाकळ्यांवर तुटून पडायचो.
वहीत लिहायचो: पांढरं. पांढरं. जरा फिकट पांढरं.
पारिसामामा मागून यायचे,
कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शिपाई,
पाठीवर दोरीनं आवळलेल्या फळ्या,
फळ्यांत रद्दीचे गठ्ठे.
"तोंड काय बघत बसलीस? तोंडं सगळ्यांचीच गोरी.
उलटं कर. बूड बघ."

मग त्यांच्या अंगठ्याच्या काळ्या नखावर
एक हिरवी वाटी, तांदळाच्या दाण्याएवढी.
"ह्यो तुंबा. वाटीचं तोंड तिरकं,
घाईत विळीवर कापल्यागत.
आनि ही बुरुंबी. मोज दात."
दहा.
"कसं हाईत?"
चांदणीसारखे, मी म्हटलं.
"चांदणी ऱ्हाऊ दे आभाळात.
आत केस हाईत का, त्ये सांग."

(विळी तेवढी त्यांना चालायची.)

निदलपुंज हा शब्द त्यांच्या जिभेवर बसला नाही.
ते 'खालची वाटी' म्हणत,
आणि एकेक वाटी माझ्या हातावर ठेवत गेले.
रानभेंडीची, एका अंगानं फाटणारी
आणि पाकळ्यांसोबतच गळून जाणारी: "हिचा भरवसा न्हाई."
चित्रकाची, बोटाला चिकटून घरापर्यंत येणारी.
सीतेच्या आसवांना दोनच दलं, भिंगाखाली धरली तर.
चिरबोटीची मात्र फूल गेल्यावर वाढायला लागते,
फुगते, फळाभोवती खोली बांधते,
आतून कडी लावते.
सोनकीला वाटी सापडेना. मी हरले म्हटलं.
त्यांनी वाळल्या बोंडावर फुंकर मारली.
पांढरे केस पन्हाळ्याकडं उडाले.
"ती बघ. चालली."

ते नमुने अजून कपाटात आहेत,
उसाच्या दराच्या बातमीत वाळलेले,
डांबरगोळ्यांच्या वासात.
उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी:
कुळ, जात, ठिकाण, उंची.
गोळा करणारे: प्रा. घोरपडे.
सर पठारावर यायचे, नाही असं नाही.
जीपपाशी थांबायचे.
गुडघे दुखायचे त्यांचे.

गेल्या रविवारी रुकडीला गेले.
साखरेनं मामांचे दोन्ही डोळे नेलेत.
कोण आलंय ते मी सांगितलं नाही,
तळहातावर फक्त एक वाळकं काहीतरी ठेवलं.
अंगठा कडेवरून फिरला. मग आत गेला.
"फूल?"
गळालं.
"बरं झालं."
ओठ हलवत मोजायला लागले,
सात, आठ, थांबले,
पुन्हा पहिल्यापासून.
सून चहा घेऊन उंबऱ्यात तशीच उभी.
"बुरुंबी. नऊ हाईत, एक मोडलाय.
पिशवीत कोंबून आणलीस न्हवं?
डबी वापरायची म्हणून किती येळा सांगितलंय!"
आणि चहा बशीत ओतता ओतता,
एक थेंबही न सांडता,
"केखल्याची वैजयंती तू.
दहा मोजायच्या आधीच दहा म्हणणारी."

सोमवारी कपाट उघडलं.
जुनी चिठ्ठी खोडायची नसते,
नियम आहे; नवी शेजारी लावायची.
हे नियमाचं वाक्यसुद्धा मामांनीच शिकवलेलं.
मी काळ्या शाईनं लिहिलं:
गोळा करणारे: पारिसा बाळगोंडा मगदूम, रुकडी.
मागं डिंक लावला.
तो वाळेपर्यंत
कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला,
आणि दुसऱ्या हातानं
भिंगाखाली पुन्हा एकदा, सावकाश,
एकपासून सुरुवात केली.